सातविणीच्या पानांतलं रसायन आणि असीमा चटर्जी

निशिगंध (कोपरखैरणे)
१४ ऑक्टोबर, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी,

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. आधी पार्किंग, मग पाण्याची टाकी आणि सगळ्यात शेवटी गेटबाहेरच्या तीन सातविणी. ऑक्टोबर लागला की दिवेलागणीनंतर त्यांचा वास खाली उतरतो आणि घराघरांत शिरतो. काहींचं डोकं दुखतं, दोन घरांत दमेकरी आहेत. त्यांचा त्रास खरा आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण झाडं तोडायला महापालिकेकडे अर्ज करू या असं ठरत असताना एक गृहस्थ म्हणाले, "नाही तरी या झाडाचा उपयोग काय? ना फळ, ना फुलाचा हार." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं दोन दिवस मला खातंय.

मी महाप्याला एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, अकरा वर्षं आहे. एमएस्सीला नॅचरल प्रॉडक्ट्सचा, म्हणजे झाडापाल्यातल्या रसायनांचा, पेपर होता, त्यात सातवीण होती, आणि तिच्यामागे एका रसायनशास्त्रज्ञ बाईंचं नाव होतं, असीमा चटर्जी. १९६५ मध्ये कलकत्त्यातल्या त्यांच्या गटाने सातविणीच्या पानांतल्या अल्कलॉइडांवर (झाडांत बनणाऱ्या, नायट्रोजन असलेल्या, बहुधा औषधी किंवा विषारी द्रव्यांवर) निबंध छापला. त्यातलं एक म्हणजे पिक्रिनीन. आमच्या गेटसमोरून रोज सकाळी झाडून नेली जातात, त्याच पानांतलं. मीटिंगमध्ये एवढं एक वाक्य मला सुचलं असतं तरी पुरलं असतं.

थोडक्यात त्यांचं आयुष्य असं. जन्म २३ सप्टेंबर १९१७, कलकत्ता. माहेरचं आडनाव मुखर्जी. वडील डॉक्टर आणि झाडापेडांचे शौकीन. स्कॉटिश चर्च कॉलेजातून १९३६ ला रसायनशास्त्रात ऑनर्स, १९३८ ला एमएस्सी, १९४४ ला कलकत्ता विद्यापीठाची डीएस्सी (डॉक्टर ऑफ सायन्स). भारतीय विद्यापीठाकडून डीएस्सी मिळवणारी ही पहिली स्त्री. त्याच्याही आधी, १९४० मध्ये, लेडी ब्रेबोर्न कॉलेजात रसायनशास्त्राचा विभाग त्यांनीच सुरू केला होता.

१९४७ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. बरोबर वर्षाच्या आतबाहेरची मुलगी आणि तिला सांभाळायला एक बाई. आधी विस्कॉन्सिन, मग कॅलटेकला लास्लो झेखमाइस्टर यांच्याकडे, मग झुरिकला पॉल कारर यांच्याकडे. कारर म्हणजे १९३७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले. १९५० मध्ये परत. पुढे कलकत्ता विद्यापीठात १९६२ ते १९८२ रसायनशास्त्राच्या खैरा अध्यासनावर प्राध्यापक. १९६१ ला भटनागर पुरस्कार, रसायनशास्त्रात तो मिळालेली पहिली स्त्री. १९७५ ला पद्मभूषण, आणि त्याच वर्षी सायन्स काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९८२ ते १९९० राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त सदस्य. २२ नोव्हेंबर २००६ ला निधन.

पुरस्कारांची यादी मी भराभर उरकली, कारण माझं मन त्या सांभाळणाऱ्या बाईपाशीच अडकतं. माझी मुलगी वर्षाची असताना मला सेकंड शिफ्ट सोडावी लागली होती. १९४७ साली, तान्ह्या मुलीसकट समुद्रापार प्रयोगशाळेत कामाला जायचं, हे ज्या आईने ठरवलं तिच्याबद्दल मला खूप जाणून घ्यायचंय.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पानभर माहिती लावायचा विचार आहे. ज्याला जे नक्की ठाऊक असेल ते लिहा.

---

घोडबंदर_रोड
१५ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

वा ताई, छान विषय. या बाईंवर माझ्याकडे एक फॉरवर्ड आहे. सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध त्यांनी शोधलं आणि परदेशी कंपनीने श्रेय लाटलं, असा. बोर्डावर तोच लावा, लोक थांबून वाचतील. २३ सप्टेंबर २०१७ ला, शंभराव्या जयंतीला, गूगलने डूडलही केलं होतं. त्यात झाडं आणि रसायनांची चित्रं होती.

---

जुना_महापेकर
१५ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

तो फॉरवर्ड कृपा करून लावू नका. मी चौतीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात काढली, आधी रंगांच्या कारखान्यात आणि नंतर बल्क ड्रगमध्ये, म्हणजे औषधांचा कच्चा माल बनवण्यात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. चुकीचं लेबल लागलेला ड्रम काय करू शकतो ते मी पाहिलं आहे. माणसांवर लागलेली चुकीची लेबलंही मला बघवत नाहीत.

सदाफुलीची हकिगत अशी आहे. जमैकात सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. ती पानं कॅनडात वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्यापर्यंत पोचली. तपासलं तर रक्तातली साखर काही उतरेना, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. त्या पेशी कमी करणारं द्रव्य नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी वेगळं काढलं आणि १९५८ मध्ये जाहीर केलं. तेच कॅन्सरवरचं औषध विनब्लास्टीन. त्याच सुमाराला एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा याच झाडावर स्वतंत्रपणे काम करत होते. विनक्रिस्टीन हे कॅन्सरवरचं दुसरं औषध त्यांच्याकडून आलं. असीमाबाईंनी या जातीच्या अल्कलॉइडांवर जवळजवळ चाळीस वर्षं काम केलं, पण ही दोन औषधं त्यांनी शोधलेली नाहीत आणि त्यांचं श्रेय कुणी लाटलेलंही नाही.

जे काम त्यांचं आहे तेच एवढं मोठं आहे की उसनं घ्यायची गरजच नाही.

त्यांचं पहिलं मोठं काम सर्पगंधेच्या भावंडावर आहे. सर्पगंधेचा इतिहास आधी सांगतो, कारण त्यात मुंबईही येते. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून अजमलीन हे अल्कलॉइड वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्यावरून त्याला नाव दिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन काय दिसलं ते ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ ला सीबा या औषध कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं रक्तदाब उतरवणारं रिसर्पीन वेगळं केलं. चारच वर्षांत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. जगातले सगळ्यात तालेवार ऑरगॅनिक केमिस्ट त्या काळात या एका कुळावर तुटून पडले होते.

आणि असीमाबाई? त्या तेव्हा मुखर्जी होत्या. १९४१ मध्ये, डॉ. वकील यांच्या निबंधाच्या आठ वर्षं आधी आणि डीएस्सी व्हायच्याही आधी, रौवोल्फिया कॅनेसेन्स या सर्पगंधेच्या बहिणीतल्या रौवोल्सिन या अल्कलॉइडवर त्यांचा निबंध इंडियन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. पुढे त्याची रचना आणि त्रिमितीय मांडणी लावण्याचं काम त्यांनी केलं. अजमलिसीन, सारपॅजीन, गायसोशिझीन यांवरचं कामही आहे. फॉरवर्डमध्ये ही नावं येत नाहीत, कारण ती उच्चारायला अवघड आहेत.

---

घोडबंदर_रोड
१५ ऑक्टोबर, सकाळी ९.५८

काका, मनापासून आभार. मी तो फॉरवर्ड निदान चार ग्रुपांवर टाकला होता. चारही ठिकाणी आज दुरुस्ती टाकतो.

---

शिकाऊ_नेरूळ
१५ ऑक्टोबर, दुपारी १.३०

मी एमएस्सी पार्ट टूला आहे. प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. रेणूची रचना लावणं म्हणजे एवढं मोठं काम का? आम्ही सॅम्पल एनएमआरला (रेणूतल्या अणूंची जोडणी दाखवणाऱ्या यंत्राला) देतो, मासचा (रेणूच्या वजनाचा) डेटा येतो, दोन दिवसांत रचना कळते. त्यात आयुष्य कसं जातं?

---

जुना_महापेकर
१५ ऑक्टोबर, दुपारी ४.०५

चांगला प्रश्न आहे, राग कसला.

१९४१ ला रसायनाच्या प्रयोगशाळेत एनएमआर नावाची गोष्टच नव्हती. पन्नाशीच्या दशकात यंत्रं निघाली, पण ती परदेशात. आपल्याकडे काय होतं? काचसामान, वॉटर बाथ आणि मेल्टिंग पॉइंटची नळी. आधी किलोकिलोने वाळलेलं मूळ किंवा साल कुटायची. सॉल्व्हंटमध्ये उकळायची. अर्क आटवला की काळपट चिकट गोळा उरतो. तो आम्लाच्या पाण्यात खळखळून घ्यायचा. अल्कलॉइड आम्लारी असल्याने पाण्यात उतरतात, मेण आणि हिरवा रंग मागे राहतो. मग पाणी अमोनियाने आम्लारी करायचं, की अल्कलॉइड पुन्हा क्लोरोफॉर्ममध्ये येतात. तेही एक नसतं, दहा-बारांचं भजन असतं. ॲल्युमिनाच्या कॉलमवरून एकेक फ्रॅक्शन उतरवायचं. एवढं सगळं करून हातात चिमूटभर स्फटिक, आणि कधी कधी तेही नाही.

मग ते स्फटिक फोडायचे. जस्ताच्या भुकटीबरोबर तापवायचे, सेलेनियमबरोबर तापवायचे, आणि जे तुकडे निघतील ते ओळखीचे आहेत का ते पाहायचं. पडलेल्या वाड्याचे दगड बघून वाडा कसा होता ते सांगण्यासारखं. प्रत्येक तुकड्याचं कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजनचं विश्लेषण लागतं. त्यासाठीही नमुने बाहेर पाठवावे लागत आणि पदरचे पैसे भरावे लागत. सॉल्व्हंटची टंचाई तर कायमची.

एवढ्यावर फक्त कुठला अणू कुणाला जोडलेला आहे ते कळतं. पुढचं जास्त अवघड. रौवोल्सिनचं सूत्र आहे C२१H२६N२O३. योहिंबीन या त्याच्या भाऊबंद अल्कलॉइडचंही तेच. कोरिनँथीनचंही तेच. तिन्हींत अणू तेच आणि जोडणीही तीच. फरक कुठे आहे? रेणूत पाच कार्बन असे आहेत की ज्यांच्यावरची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. एकाच नकाशाच्या चाळीतल्या पाच खोल्या धर. प्रत्येक खोलीचं दार आत उघडेल किंवा बाहेर. भिंती सगळ्या त्याच, पण दारांच्या ३२ तऱ्हा होतात. रौवोल्सिन आणि कोरिनँथीन यांच्यात विसाव्या कार्बनचं फक्त एक दार उलटं आहे. योहिंबीन आणि कोरिनँथीन यांच्यात सोळाव्याचं. शरीराला हा फरक लगेच कळतो, औषधाचा गुण त्यावर ठरतो. हे दार कुठल्या बाजूला उघडतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूत, फक्त अभिक्रियांच्या वागण्यावरून ठरवायचं.

तू दोन दिवसांत रचना लावतोस ती संगणकातल्या ज्या साठ्याशी ताडून लावतोस, तो साठा या लोकांनी भरला आहे.

---

शिकाऊ_नेरूळ
१५ ऑक्टोबर, दुपारी ४.४०

काका, दारांचं उदाहरण लिहून ठेवलं. विसावा कार्बन मी मॉडेल किट घेऊन फिरवून पाहिला. आता समजलं.

---

करवंद
१५ ऑक्टोबर, रात्री ९.१५

मी ठाण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. थोडी झाडाच्या बाजूने भर घालते.

सातवीण, सर्पगंधा, सदाफुली, तगर, कण्हेर, पांढरा चाफा आणि माझं नाव ज्यावरून घेतलं ते करवंद, ही सगळी एकाच कुळातली. ॲपोसायनेसी. खूण सोपी, पान खुडलं की पांढरा चीक. येऊरच्या वाटेवर करवंदाची जाळी आणि रस्त्याकडेची सातवीण पाहिली तर ती नात्यातली आहेत असं कुणाला वाटत नाही, पण चीक दोघींना. या कुळातल्या बऱ्याच झाडांत इंडोल जातीची अल्कलॉइडं असतात, म्हणून असीमाबाईंचं काम पुन्हा पुन्हा इकडेच वळतं. रसायन आणि वनस्पतींचं नातं असं हातात हात घालून चालतं, आणि मुलांना शिकवताना आम्ही ते दोन वेगळ्या इमारतींत शिकवतो, याची मला नेहमी खंत वाटते.

सातविणीचं शास्त्रीय नाव अल्स्टोनिया स्कोलॅरिस. अल्स्टन हे एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. स्कोलॅरिस म्हणजे शाळेची, कारण तिच्या हलक्या लाकडाच्या पाट्या करत. "उपयोग काय" विचारणाऱ्या गृहस्थांना हेही सांगा. त्यांच्या पणजोबांनी कदाचित तिच्यावर मुळाक्षरं गिरवली असतील.

निशिगंध, पानं गोळा करणाऱ्यांची एक विनंती आहे. बोर्डावर औषधी उपयोग लिहिताना साल काढू नये असं ठळक लिही. कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावरच्या तुळुनाडमध्ये आटी अमावास्येला पहाटे सातविणीच्या सालीचा काढा घ्यायची रीत आहे, आमच्या मजल्यावर उडपीचं कुटुंब आहे, ते पाळतात. जाणकार माणूस साल आणतो म्हणून चालतं. अंधारात विषारी काजऱ्याची साल आली तर जीव जाऊ शकतो.

---

वैद्य_नौपाडा
१६ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

करवंदताईंच्या इशाऱ्याला माझा पूर्ण पाठिंबा. घरी काढा करू नये.

असीमाबाईंचं नाव आमच्याकडे दोन औषधांच्या संदर्भात घेतात. अपस्मारावरचं, म्हणजे आकडीवरचं, आयुष-५६, त्यात जटामांसी आणि सुनिषण्णक. आणि हिवतापावर ज्या चार वनस्पतींच्या मिश्रणावर त्यांनी काम केलं त्या म्हणजे सातवीण, काडेचिराईत, कुटकी आणि सागरगोटा. याच चार द्रव्यांचं आयुष-६४ नावाचं औषध आज मिळतं. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, ते बरंच चर्चेत आलं.

सागरगोटे म्हणजे आपल्या आज्या श्रावणात ओसरीवर बसून खेळायच्या तेच. त्याच्या आतला मगज कडूजहर. माझ्या आजीने खेळून झालेले सागरगोटे फोडून तापावर दिलेले मला आठवतात. तिने जे अंदाजाने केलं ते तोलून, मोजून, वेगळं काढून पाहायचं काम असीमाबाईंनी केलं. आयुर्वेदावर श्रद्धा होती म्हणून त्या तिथे थांबल्या नाहीत, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं वाटतं.

---

जुना_महापेकर
१६ ऑक्टोबर, सकाळी १०.००

वैद्यबुवा, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. त्याच न्यायाने बोर्डासाठी एक गोष्ट नोंदवतो. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात आयुष-६४ आणि क्लोरोक्वीन हे हिवतापाचं जुनं औषध यांची तुलना झाली, तेव्हा आयुष-६४ चा गुण क्लोरोक्वीनपेक्षा खूपच कमी पडला. म्हणून "सातविणीपासून मलेरियाचं औषध" असं मोघम लिहू नका. आपल्याकडे बांधकामांच्या साचलेल्या पाण्यामुळे दर पावसाळ्यात हिवताप असतो. कुणी बोर्ड वाचून गोळ्या टाळल्या तर?

चीनमध्ये तू यूयू यांनी अशाच जुन्या ग्रंथांतून वाट काढत १९७२ मध्ये आर्टेमिसिनीन वेगळं केलं आणि २०१५ ला नोबेल मिळवलं. वाट एकच होती. एका झाडातून जगभर चालणारं औषध निघालं, दुसऱ्यातून तितकं निघालं नाही. केमिस्टच्या मेहनतीत दोन्हीकडे कसर नव्हती. झाडात काय आहे ते झाड ठरवतं.

---

वैद्य_नौपाडा
१६ ऑक्टोबर, सकाळी १०.२५

मान्य. तापात आधी रक्त तपासा, हे मीही रोज सांगतो. बोर्डावर तसंच लिहावं.

---

नेरूळची_बोऊदी
१६ ऑक्टोबर, रात्री १०.५०

माझं माहेर उत्तर कलकत्त्याचं, सासर सातारचं, राहते नेरूळला. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

वैद्यबुवांनी लिहिलेलं सुनिषण्णक म्हणजे आमचं सुषनी शाक. तळ्याकाठी ओलीत वाढतं, चार पानं, चारही एका देठावर. माझी आई ते मोहरीच्या तेलावर परतायची आणि म्हणायची, रात्री खा, झोप छान लागते. झोप आणणारी भाजी आणि आकडीचं औषध, या दोहोंत धागा असेल असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल?

दुसरं मला सांगायचंय ते भाषेचं. सत्येंद्रनाथ बोस, म्हणजे बोस-आइनस्टाइनवाले बोस, यांचा फार आग्रह असायचा की विज्ञान बंगालीत लिहिलं पाहिजे. त्यांच्या सांगण्यावरून असीमादींनी शाळेच्या मुलांसाठी बंगालीत रसायनशास्त्राचं पुस्तक लिहिलं. भारतीय वनौषधींवरचा सहा खंडांचा बंगाली ग्रंथही त्यांनी तपासून, सुधारून दिला. परदेशी नियतकालिकांत नाव असलेली बाई, आणि शाळेच्या पोरांसाठी खाली बसून सोप्या भाषेत लिहिते. तुम्ही सगळे हे मराठीत लिहिताय, म्हणून मला ते आठवलं.

आणि प्रफुल्लचंद्र रायही त्यांना विद्यापीठात शिकताना प्रेरणा देणारे. त्यांची कंपनी तुम्हां मुंबईकरांना ठाऊक आहे, प्रभादेवीला बेंगॉल केमिकल म्हणून बसचा स्टॉप आहे ना, तीच.

१९६७ हे त्यांचं फार वाईट वर्ष. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले आणि पतीही गेले. पती बरदानंद चटर्जीसुद्धा रसायनशास्त्रज्ञ. त्यानंतर त्या स्वतः आजारी पडल्या. मग पुन्हा प्रयोगशाळेत आल्या आणि पुढची पंधरा वर्षं खैरा प्राध्यापकपद सांभाळलं. याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही, माझेही वडील यंदाच गेले.

---

निशिगंध (कोपरखैरणे)
१६ ऑक्टोबर, रात्री ११.३०

बोऊदी, तुमचं मराठी कुठेही चुकलं नाही. सुषनी शाकाबद्दल वाचून मी उठून घरात सगळ्यांना सांगितलं. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. काळजी घ्या.

---

तलावपाळी
१७ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

या धाग्यात कमला सोहोनींचं नाव यायला हवं. त्या आपल्या, माहेरच्या भागवत. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून घेतलं. १९३९ ला केंब्रिजची पीएचडी मिळवली. म्हणजे असीमाबाई एमएस्सी झाल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी. एक मुंबईची जीवरसायनाकडे वळलेली, एक कलकत्त्याची झाडांच्या रसायनाकडे. माझी आई मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकली, तिच्या तोंडून सोहोनीबाईंचं नाव मी लहानपणापासून ऐकलं. असीमाबाईंचं मात्र पन्नाशी गाठल्यावर, आज ऐकतेय.

---

सेक्टर_सोळा_आई
१७ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

मला वेगळं बोलायचंय. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्या खिडक्या बंद, नेब्युलायझर उशाशी. डॉक्टरांनी सांगितलं की फुलोऱ्याच्या दिवसांत जपा. असीमा चटर्जींबद्दल मला आदर आहे, आज सगळं वाचलं. पण रात्री दोन वाजता मुलाला बसवून ठेवताना १९६५ चा निबंध मला काय मदत करणार? उद्या आमच्या सोसायटीत असा अर्ज आला तर मी सही करेन. लपवून बोलणं मला जमत नाही.

---

निशिगंध (कोपरखैरणे)
१७ ऑक्टोबर, दुपारी १.४०

ताई, तुमचा राग योग्य आहे आणि हे इथे लिहिलंत ते बरं झालं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये त्रासाबद्दल एक ओळ लिहून मी पुढे गेले, ते चुकलं. झाड औषधी आहे म्हणून तुमच्या मुलाने सोसावं असं मी म्हणणार नाही. माझं भांडण "उपयोग काय" या एका वाक्याशी होतं.

---

करवंद
१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

मला दोघींचंही पटतंय. चूक झाडाची नाही, लावणाऱ्यांची आहे. सातवीण लवकर वाढते, वर्षभर हिरवी राहते, गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून रस्तेच्या रस्ते एकाच झाडाने भरून टाकले. जंगलात ती विखुरलेली असते, म्हणून तिथे वास अंगावर येत नाही. एका रांगेत पंधरा सातविणी लावल्या की त्या सगळ्या एकाच आठवड्यात फुलणार.

परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. खिडकीलगतच्या फांद्यांची फुलोऱ्याआधी छाटणी आणि पुढच्या लागवडीत मिश्र झाडं, असा अर्ज करून पाहा. ताई, मुलाला त्रास होतो ते झाड खिडकीपासून किती अंतरावर आहे ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. मी येऊन बघते.

---

सेक्टर_सोळा_आई
१७ ऑक्टोबर, रात्री ८.०५

निरोप केलाय. सहीबद्दल अजून ठरवलेलं नाही.

---

निशिगंध (कोपरखैरणे)
१९ ऑक्टोबर, रात्री १०.४५

बोर्डासाठी मजकूर केलाय, तपासून द्या:

"गेटबाहेरची ही तीन झाडं सातविणीची आहेत. करवंद, सदाफुली आणि सर्पगंधा तिच्या नात्यातली. पूर्वी तिच्या लाकडाच्या शाळेच्या पाट्या करत. १९६५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या प्रा. असीमा चटर्जी (१९१७–२००६) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडाच्या पानांतल्या अल्कलॉइडांचा शोध लावला. भारतीय विद्यापीठाची डीएस्सी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. साल किंवा पान तोडून काढा करू नये. ताप आल्यास आधी रक्त तपासावं. फुलोऱ्याच्या दिवसांत दम्याच्या रुग्णांनी खिडक्या बंद ठेवाव्यात. छाटणीच्या अर्जावर सह्या वॉचमनच्या टेबलावर."

---

जुना_महापेकर
२० ऑक्टोबर, सकाळी ६.५०

"अल्कलॉइडांचा शोध लावला" ऐवजी "अल्कलॉइडं वेगळी काढून त्यांचा अभ्यास छापला" असं कर. सातविणीत अल्कलॉइडं आहेत हे त्यांच्या आधीही ठाऊक होतं, सालीतलं एकिटामीन जुनं आहे. त्यांना स्वतःलाही हे नेमके शब्द आवडले असते असं मला वाटतं. बाकी मजकूर चोख आहे. प्रिंट मोठ्या अक्षरात काढ, माझ्या वयाची माणसं वाचणार आहेत.

---

नेरूळची_बोऊदी
२० ऑक्टोबर, सकाळी ९.३०

शक्य असेल तर खाली बंगालीत त्यांचं नाव लिहाल? मी हाताने लिहून फोटो पाठवते.

---

निशिगंध (कोपरखैरणे)
२० ऑक्टोबर, सकाळी ९.३५

नक्की. पाठवा, आजच.

---

शिकाऊ_नेरूळ
२० ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१५

कॉलेजातून येताना स्टेशनबाहेरच्या सातविणीखाली थांबलो होतो. सप्तपर्णी म्हणतात म्हणून एकेका गुच्छातली पानं मोजली. बहुतेक ठिकाणी सात, दोन ठिकाणी सहा, एका ठिकाणी आठ. खाली पडलेलं एक ताजं पान मोडून पाहिलं. चीक आला. वहीत ठेवलंय, पिक्रिनीन वाचून काढायचंय.